मिनलचे एकशे वीस तास

सोमवारी सकाळी सुभद्रा लॅबवर पोचली तेव्हा ती मुलगी आधीपासूनच बंद शटरपाशी उभी होती. पाठीला बॅग, हातात प्लास्टिकचं फोल्डर.

"नमस्ते मॅडम. मी मिनल भोयर. ओजेटीसाठी आली आहे."

सुभद्रा गजभियेला त्या लॅबमध्ये एकवीस वर्षांत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिने कुलूप काढता काढता मुलीकडे एकदा नीट पाहिलं. जानेवारीची थंडी होती, नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती, आणि ओजेटीवाली पोरं कधी नऊला येत नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. आजकाल पदवीसाठी एकशे वीस तास कुठेतरी ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष काम, करावं लागतं, म्हणून कॉलेजं पत्र देऊन पोरं पाठवतात. गेल्या वर्षी दोघं आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी भट्टीसमोर सेल्फी काढली आणि मग थेट सर्टिफिकेट न्यायलाच उगवले. त्याच्या आधीच्या वर्षीची मुलगी तर आलीच नव्हती. तिचे वडील येऊन सही घेऊन गेले.

"राहते कुठं?" सुभद्राने विचारलं.

"बेसाला."

"बेसाहून कोराडी रोडवर?"

"बर्डीला बस बदलावी लागते. सव्वा तास लागला."

बेसापासून इथपर्यंत मधे अख्खं नागपूर पडलं आहे. एवढ्या वाटेत हिला दुसरी एकही जागा मिळाली नाही, हे सुभद्राला काही पटलं नाही.

लॅब होती कोळशाची. ट्रकमधून आलेल्या कोळशाचे नमुने पोत्यांतून यायचे. खालच्या मजल्यावर चंद्रभान ते क्रशरमध्ये घालून त्यांची पीठ व्हावं तशी भुकटी करायचा आणि बाटल्यांत भरायचा. वरच्या मजल्यावर सुभद्रा त्यातला एक ग्रॅम मोजून घ्यायची, भट्टीत जाळायची आणि उरलेली राख परत तोलायची. राख जास्त निघाली की कोळसा हलक्या प्रतीचा ठरतो, कमी निघाली की चांगला. विकणारा आणि घेणारा त्या एका आकड्यावरून महिनोन्‌महिने भांडतात. तो आकडा सुभद्राच्या हातून निघायचा, आणि त्याखाली सही व्हायची सुशीलसरांची. सुशीलसर मालकाचे पुतणे, लॅबचे मॅनेजर. सुभद्रा बारावी पास. आली होती बाटल्या धुवायला. सगळं शिकवलं ते गणपतराव नावाच्या जुन्या केमिस्टने. ते रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी नवा माणूस कोणी घेतलाच नाही, कारण काम तर चालूच होतं.

साडेदहाला सुशीलसर आले आणि त्यांनी सुभद्राला केबिनमध्ये बोलावलं.

"त्या मुलीला सगळं दाखवा. एकेक स्टेप. आणि तिला ते लिहून काढू द्या. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे, कागदावर पद्धत लागते."

"बरं सर," सुभद्रा म्हणाली. पण एक एक पायरी दाखवा असं सरांनी आजवर कुणाच्याही बाबतीत सांगितलं नव्हतं, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

दुपारी सुभद्रा जेवायला बसली तेव्हा चंद्रभानने डबा उघडता उघडता विचारलं, "बाई, ते पोरगी बीएस्सी आहे ना?"

"हो. शेवटच्या वर्षाला आहे."

"मंग समजून घ्या. मागच्या ऑडिटवाल्यानं काय म्हटलं होतं? राख पाहणाऱ्याजवळ डिग्री पाहिजे म्हणे. तुमचं डोक्यातलं सारं कागदावर आलं का मंग तुमचं काय काम उरते गा इथं?"

सुभद्राने अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला.

मिनल मात्र रोज येत राहिली. नऊला, कधी पावणेनऊला. अंगात कॉलेजचा पांढरा कोट, हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. भट्टी किती तापमानावर ठेवायची, तिथेच का ठेवायची, दार अगोदर थोडं उघडं का, राखेची डिश किती वेळ थंड करायची, सगळं विचारायची आणि लिहायची. सुभद्रा एक सांगायची तर ती त्यावर दोन विचारायची.

"इतकं कशाले लिहितं वं?" तिसऱ्या दिवशी सुभद्राने शेवटी विचारलंच. "सही तर मिळूनच जाईल तुले."

मिनल हसली नाही. "माझी आत्तेबहीण आहे, मेघा. तिनं कुठल्या तरी कंपनीचं सर्टिफिकेट घरी बसून आणलं होतं. इंटरव्ह्यूत विचारलं, तिथं रोज सकाळी गेल्यावर पहिलं काम काय करत होतीस? तिला सांगताच आलं नाही. ती रडत घरी आली. मी तेव्हाच ठरवलं, ओजेटी करायची तर खरीच करायची."

"आन इथंच काहून?"

"अकरा ठिकाणी ईमेल केले. एकाचंही उत्तर नाही आलं. मग स्वतः जाऊन उभी राहायला लागली. सदर भागातल्या दोन ऑफिसात वॉचमननंच परत पाठवलं. इथं तीनदा आली. तिसऱ्यांदा सर म्हणाले, ये."

गोष्ट नीट जुळत होती. सुभद्राला तीच गोष्ट खटकली. इतकं सरळ, पाठ केल्यासारखं कोण बोलतं? आणि दोनदा नाही म्हणणारा माणूस ऑडिटच्या तोंडावर हो कसा म्हणतो?

तेव्हा तिने एक गोष्ट ठरवली. सरांचा हुकूम मोडायचा नाही, सगळं दाखवायचं. फक्त एक सोडून.

बाटल्या ज्या शेल्फवर ठेवलेल्या असत ते शेल्फ क्रशरच्या बरोबर डोक्यावर होतं. खाली क्रशर सुरू झाला की वर शेल्फ दिवसभर बारीक थरथरत असे. त्या थरथरीने बाटलीतली भुकटी हळूहळू निवडली जाते. दगड-मातीचा जड अंश खाली बसतो, हलका कोळसा वर येतो. वरूनच चमचा भरून घेतला तर राख कमी निघते, म्हणजे खोटी निघते. गणपतरावांनी हे तिला पहिल्या वर्षीच दाखवलं होतं. बाटली कागदावर पूर्ण ओतायची, कागदाची टोकं उचलून भुकटी चारी बाजूंनी लोळवायची, आणि मग पाच-सहा जागांहून चिमूट चिमूट घेऊन एक ग्रॅम करायचा. भिंतीवरच्या छापील तक्त्यात एवढंच होतं की नमुना एक ग्रॅम घ्या.

सुभद्रा आता साडेआठलाच यायला लागली. मिनल यायच्या आत आपल्या वाट्याच्या बाटल्या कागदावर लोळवून, तोलून, डिश झाकून ठेवायची. भुकटी परत बाटल्यांत, बाटल्या परत शेल्फवर. क्रशरवर थरथरून झाल्या की दुपारी मिनलला त्याच बाटल्या देऊन म्हणायची, "आता तू कर. प्रॅक्टिस होते." मिनल वरून चमचा भरायची. सुभद्रा पाहायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची.

पहिल्याच आठवड्यात आकडे वेगळे आले. सुभद्राची राख अडतीस पॉइंट चार टक्के, तर मिनलची सदतीस पॉइंट सहा. दुसऱ्या बाटलीत तसंच, तिसऱ्यातही तसंच. मिनलने दोनदा परत केलं. परत कमीच.

"माझं काय चुकतंय मॅडम?"

"हात बसाले वेळ लागते," सुभद्रा म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज जरा मोठाच निघाला.

त्यानंतर मिनलने विचारणं कमी केलं. सुभद्राला आधी बरं वाटलं, मग ते कमी विचारणंच तिला टोचायला लागलं. मुलगी गप्प राहून पाहत होती. एका दुपारी सुभद्रा खालून पाणी घेऊन आली तर मिनल मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडून आकडे वहीत उतरवत होती. दुसऱ्या दिवशी जिन्यावरून तिचा फोनवरचा आवाज आला. सुभद्रा पायरीवरच थांबली.

"हो मॅडम, रोज लिहून ठेवते... नाही, बाईंना अजून काहीच बोलली नाही... आधी खात्री करते, मग सांगते."

त्या रात्री भाकरी करताना सुभद्राच्या डोक्यात एकच चालू होतं. कसली खात्री? कुणाला सांगणार? एकवीस वर्षांत तिने एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता, आणि आता एका पोरीच्या फोनला ती भीत होती.

बाराव्या दिवशी मिनल हात धुवायला खाली गेली तेव्हा वही टेबलावरच राहिली होती. दुसऱ्याची वही उघडणं बरं नाही हे सुभद्राला कळत होतं. तरी तिने उघडली. पानावर दोन रकाने आखले होते. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'बाई'. खाली चौदा बाटल्यांचे चौदा आकडे. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दरवेळी बाईंची राख जास्त. एकदाही कमी नाही. चूक असती तर कधी इकडे कधी तिकडे गेली असती. राख जास्त दाखवली की घेणाऱ्याचा फायदा. बाई कोणासाठी करतात?'

सुभद्राने वही होती तशी ठेवली. इतके दिवस ती मुलीला चोर समजत होती. मुलगी तिला चोर समजत होती, आणि तिच्याजवळ चौदा आकड्यांचा पुरावा होता. तो पुरावा सुभद्रानेच रोज सकाळी साडेआठला येऊन तयार करून दिला होता.

त्याच दुपारी सुशीलसरांनी मिनलला केबिनमध्ये बोलावलं. दार बंद झालं. सुभद्रा वजनकाट्यासमोर बसून होती, पण काट्यावरचा आकडा तिला दिसत नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. खालून चंद्रभानने वर येऊन भुवई उंचावली. तिने हातानेच त्याला जा म्हटलं.

मिनल बाहेर आली आणि आपल्या स्टुलावर येऊन बसली.

"काय सांगितलं तू सरांले?" सुभद्राने विचारलं.

"त्यांनी विचारलं, एकटीला जमेल का हे काम. मी म्हटलं, नाही जमत. माझे आकडे बरोबर येत नाहीत."

"बस?"

"बस." मिनलने वही पुढ्यात ओढली. मग तिचं इतके दिवस जपलेलं कॉलेजचं शुद्ध बोलणं गळून पडलं. "तुमच्याबद्दल काही नाही बोलली मी. कॉलेजच्या मॅडमले विचारलं होतं फोनवर. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या कामावर बोट ठेवायच्या आधी त्या माणसाले समोर बसून विचार. म्हणून विचारून राहिली. काकू, तुम्ही आकडे वाढवता का?"

मॅडमची काकू झाली होती, आणि प्रश्न असा होता. सुभद्राला राग यायला हवा होता. हो, मी तुझी वही वाचली, असंही सांगता आलं असतं. नाही, तुझा हातच कच्चा आहे, असं सांगून गप्प बसवता आलं असतं. मुलीने ते मानलंही असतं, कारण तिच्यापाशी दुसरं उत्तर नव्हतं. मग ती आयुष्यभर हेच मनात घेऊन फिरली असती, की आपला हात वाईट आहे किंवा कोराडी रोडवरची ती बाई लबाड आहे.

सुभद्रा उठली. शेल्फवरची एक बाटली काढली, टेबलावर कागद पसरला आणि सगळी भुकटी त्यावर ओतली.

"इकडं पाह्य," ती म्हणाली.

भुकटीच्या ढिगाचा रंग एकसारखा नव्हता. आधी पडलेली काळीभोर होती, बाटलीच्या तळाची शेवटी पडलेली राखट, मातकट. मिनल वाकून बघत राहिली. सुभद्राने कागदाची टोकं एकेक उचलून भुकटी लोळवली, दोन्ही रंग एक होईपर्यंत, आणि मग सहा जागांहून चिमूट घेऊन काट्यावर ठेवली.

"हे तुम्ही मला दाखवलंच नाही," मिनल म्हणाली.

"नाही दाखवलं."

"काहून?"

"मले वाटलं, तुले माह्या जाग्यावर आणलं आहे. तू सारं शिकली का मले घरी बसवतील." बोलताना सुभद्राने मान खाली घातली नाही. "अन तुह्या वहीतलं पान पण मी आजच वाचलं. तेही सांगून ठेवते."

मिनलचा चेहरा लाल झाला. तिने वही बॅगेत टाकली.

"बारा दिवस," ती म्हणाली. "सव्वा तास येणं, सव्वा तास जाणं. बारा दिवस मी चुकीचं शिकून राहिली, अन तुम्ही पाहून राहिल्या."

तिने बॅग उचलली आणि तीन वाजताच निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. सुभद्राने त्या दिवशी चारदा खिडकीतून बसस्टॉपकडे पाहिलं. मुलगी कॉलेजात लेखी तक्रार देईल, सरांना फोन करेल, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. आणि तिने केलं तरी तिला नाव ठेवायला आपल्याला तोंड नाही, हेही येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी मिनल आली. नऊलाच.

"चौदाही बाटल्या अजून आहेत ना?" एवढंच तिने विचारलं.

"आहेत. तीन महिने ठेवाव्या लागतात."

"मग मी परत करते. सगळ्या."

चार दिवस तिने दुसरं काही केलं नाही. बाटली ओतायची, लोळवायची, चिमटी घ्यायची, तोलायचं, जाळायचं, परत तोलायचं. सुभद्रा शेजारी बसून राहायची आणि आता न विचारताही सांगायची. कागद गुळगुळीतच पाहिजे, खरखरीत घेतला तर बारीक भुकटी त्यालाच धरते. पंखा बंद कर. पहिली चिमूट मधून घेऊ नको. चौदापैकी तेरा आकडे सुभद्राच्या आकड्यांना येऊन भिडले. चौदावा भिडला नाही. तो दोघींनी मिळून तिसऱ्यांदा केला, तेव्हा कळलं की त्या बाटलीत चूक सुभद्राची होती. तिने घाईत काट्यावरचा आकडा उतरवताना पाचाचा सहा केला होता. सुभद्राने रजिस्टरात खोडून दुरुस्ती केली आणि बाजूला सही केली. मिनलने वहीत जुनं पान तसंच ठेवलं. फक्त खालच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, 'कोणासाठीच नाही. माझीच राख कमी निघत होती', आणि ते सुभद्राला वाचून दाखवलं.

पण सुभद्राचा सुशीलसरांवरचा संशय काही गेला नाही, आणि तो चुकीचाही नव्हता. एकशे वीस तास भरायला दोन दिवस उरले असताना सरांनी मिनलला परत बोलावलं. या वेळी ती पाच मिनिटांत बाहेर आली आणि सरळ सुभद्रापाशी येऊन बसली.

"सर म्हणतात, पुढचे सहा महिने रोज अर्धा दिवस येत जा. पगार नाही, पण सहा महिन्यांचं अनुभवाचं सर्टिफिकेट देऊ. रिपोर्टवर केमिस्ट म्हणून माझी सही चालेल म्हणतात ऑडिटला. मग पुढं पाहू, असं म्हणाले." ती थांबली. "काय करू काकू?"

सुभद्राने काटा बंद केला. चंद्रभान जे म्हणाला होता ते आज शब्दाशब्दाने समोर आलं होतं. तिला एकदम सांगावंसं वाटलं, नको येऊ. आणि तोच शब्द ओठांवर आला म्हणून ती थबकली.

"इथलं शिकायचं होतं ते तुले आलं," ती सावकाश म्हणाली. "आता सहा महिने तेच करशील त फुकट राबशील. शिकणं वेगळं अन राबणं वेगळं. सही करशील त त्या आकड्याची जबाबदारी तुह्यावर. उद्या कोणी कोर्टात गेलं त तुले बोलावतील, सरांले नाही."

मिनलने तिच्याकडे रोखून पाहिलं. बारा दिवस फसवली गेलेली मुलगी होती ती. "हे माझ्यासाठी सांगता, की तुमच्यासाठी?"

"दोघींसाठी," सुभद्रा म्हणाली. "किती तुह्यासाठी अन किती माह्यासाठी, ते मले पण नाही सांगता येत. म्हणून माह्या एकटीच्या बोलण्यावर जाऊ नको. सरांले म्हण, लिहून द्या. काम काय, किती दिवस, शिकवणार कोण, अन नंतर काय. लिहून देतील त विचार कर."

मिनलने वहीतून एक पान फाडलं, चार प्रश्न त्यावर लिहिले आणि केबिनमध्ये गेली. सुभद्राला आतलं काही ऐकू आलं नाही. मिनल बाहेर आली तेव्हा पान तिच्या हातात तसंच होतं, चार प्रश्नांखाली एक अक्षरही नव्हतं.

"लिहून द्यायची पद्धत नाही म्हणे इथं."

"मंग?"

"मग मी नाही म्हटलं. सर्टिफिकेट एकशे वीस तासांचंच द्या म्हटलं, तेवढंच खरं आहे."

शेवटच्या दिवशी मिनलने ऑडिटसाठी लिहिलेली पद्धत टाइप करून आणली. बाटली कागदावर ओतायची आणि लोळवायची ती पायरी त्यात होती. पहिल्या पानाच्या खाली 'पद्धत सांगणार: श्रीमती सुभद्रा गजभिये' असं होतं. सुशीलसरांनी ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसरा कागद तयार नव्हता आणि ऑडिट चार दिवसांवर होतं. त्यांनी सही केली. ऑडिटवाल्या माणसाने सुभद्राला बोलावून ती पायरी करून दाखवायला सांगितली, पाहिली, आणि डिग्रीचा मुद्दा परत लिहून गेला.

मे महिन्यात मिनलचा फोन आला. बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तिला तीन महिन्यांची ट्रेनिंग मिळाली होती, महिन्याला थोडे पैसेही होते. इंटरव्ह्यूत तिला विचारलं होतं की कोळशाच्या लॅबमध्ये तू काय शिकलीस, आणि ती पंधरा मिनिटं बोलली होती.

"सगळं सांगितलं?" सुभद्राने विचारलं.

"सगळं. बारा दिवसांचं पण. तुमचं नाव नाही घेतलं तिथं. चौदाव्या बाटलीची चूक तुम्ही स्वतः सही करून दुरुस्त केली, तिथं घेतलं."

सुभद्राने फोन दुसऱ्या कानाला लावला. खाली क्रशर सुरू होता, टेबलावर एक कागद पसरलेला होता.

"लिहून घेतलं ना त्यांच्याजवळून?" तिने मग विचारलं.

"घेतलं काकू. दोन पानांचं पत्र आहे."

"वाचलं का पुरं?"

"वाचलं."

"मले व्हॉट्सॲपवर पाठव," सुभद्रा म्हणाली. "मी पण एकडाव वाचते."